मोठ्या मराठी लेखनासाठी ईमॅक्स: दोन वर्षांच्या वापरानंतर

गावाच्या इतिहासावरील माझ्या पुस्तकाचा मसुदा चौदा प्रकरणांवर गेला, तेव्हा वर्ड प्रोसेसरमध्ये एखादा भाग हलवायचा म्हटले तरी पाने वर-खाली करण्यातच वेळ जाऊ लागला. म्हणून गेली दोन वर्षे मी ईमॅक्समध्ये लिहितो आहे. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा, १९८५ पासून वापरात असलेला हा मुक्त संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचे आणि सुधारण्याचे सॉफ्टवेअर, मुख्यतः प्रोग्रामर मंडळी वापरतात. तरीही लांबलचक लेखनासाठी याहून सोयीचे साधन माझ्या हाती आलेले नाही.

याचे श्रेय ऑर्ग मोडला, म्हणजे मजकूर शीर्षकांखाली मांडण्याच्या ईमॅक्समधल्या सोयीला आहे. ओळीच्या सुरुवातीला एक तारा आणि मोकळी जागा दिली की ती ओळ शीर्षक होते, टॅब दाबला की त्याखालचा मजकूर मिटतो, आणि शीर्षकावर ऑल्टसह वरचा बाण दाबला की ते प्रकरण पोटशीर्षकांसकट आधीच्या प्रकरणावर जाऊन बसते. दुष्काळ आधी घ्यावा की पाटबंधारा, हे मी एका संध्याकाळी दोन्ही प्रकरणे चार वेळा अदलाबदल करून, दर वेळी सांधा वाचून ठरवले.

देवनागरीची सोय आतच आहे. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक एकदा निवडला की कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबून मराठी-इंग्रजी ये-जा करता येते, आणि मराठी चालू असतानाही कंट्रोलच्या आज्ञा तशाच चालतात. ‘क्षि’ लिहून बॅकस्पेस दाबला तर फक्त वेलांटी जाते आणि ‘क्ष’ जागेवर राहतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना याचा किती उपयोग होतो, ते मुद्रिते तपासणाऱ्यालाच कळेल.

उणिवाही आहेत. पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा असतील तरच वाक्य संपले, असे हा संपादक मूळ मांडणीत धरतो, त्यामुळे ‘पुढच्या वाक्यावर जा’ ही आज्ञा मराठी मजकुरात थेट परिच्छेदाच्या टोकाला नेते. ती मांडणी सेटिंग्जच्या फाइलमधल्या एका ओळीने बदलता येते, पण ती ओळ शोधावी लागते. मराठी शुद्धलेखन तपासणी वेगळी बसवावी लागते. हात बसायला मला तीन आठवडे लागले, म्हणून चार पानी लेखांपुरते लिहिणाऱ्यांना मी याची शिफारस करणार नाही.

प्रकाशकासाठी ऑर्गमधून ओडीटी फाइल (लिबरऑफिससारख्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडणारी) काढता येते. तिच्यावर संपादकांनी केलेल्या दुरुस्त्या मात्र मूळ मसुद्यात हाताने उतरवाव्या लागतात, त्यामुळे अखेरचे वाचन मी अजूनही लिबरऑफिसमध्येच करतो.