मंगोलांविषयी मुळातून वाचायचे तर : ‘गुप्त इतिहास’ आधी की जुवैनी?

मध्ययुगीन मंगोलांचे क्रौर्य आणि त्यांची समाजरचना मूळ साधनांतून समजून घ्यायची असेल, तर दोन ग्रंथ टाळता येत नाहीत : मंगोल भाषेतला ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ आणि अता-मलिक जुवैनीचा फारसी ‘तारीख-ए-जहाँगुशा’. कत्तलींच्या वर्णनांमुळे बहुतेकांचा ओढा जुवैनीकडे असतो, परंतु एकाच ग्रंथापासून सुरुवात करायची झाल्यास माझा कौल ‘गुप्त इतिहासा’ला आहे.

हा ग्रंथ तेराव्या शतकातल्या अज्ञात लेखकाचा असून, चिनी लिपिचिन्हांत उतरवलेल्या संहितेमुळे तो टिकला. त्याच्या 282 परिच्छेदांचा बराच भाग तेमूजिनच्या (पुढचा चंगीझ खान) घराण्यातील वैरांनी व्यापलेला आहे आणि तो काहीसा संथ वाटतो. खरे मोल आहे ते 1206 च्या कुरुलताईच्या, म्हणजे मंगोल सरदारांच्या महासभेच्या, वृत्तान्ताचे. चंगीझ खानाने तिथे 95 हजाऱ्या, म्हणजे प्रत्येकी हजारांच्या तुकड्या, नेमल्या. पराभूत टोळ्यांपैकी अनेकांची माणसे या तुकड्यांत विखुरली गेल्याने जुनी कुळनिष्ठा मोडली. दहा हजारांच्या ‘केशिग’ या अंगरक्षक दलात सरदारांचे मुलगे घेतले जात. त्यांना बाहेरच्या हजारीच्या नायकापेक्षा वरचा मान होता, आणि ते एका परीने ओलीसही होते. (मराठी वाचकाला परिचित असलेली मोगलांची पंचहजारी मनसब याच दशमान परंपरेशी नाते सांगते.) क्रौर्यही इथे लपवलेले नाही : 1202 मध्ये तातार या वैरी टोळीचा पाडाव झाल्यावर गाडीच्या आसाच्या खिळीहून उंच असलेल्यांना मारावे आणि उरलेल्यांना गुलाम करावे, असे घराण्याच्या बैठकीत ठरते. मध्य आशियातील ख्वारझमच्या राज्यावरची स्वारी मात्र हा ग्रंथ थोडक्यात उरकतो.

तिथे जुवैनीला पर्याय नाही. 1226 मध्ये जन्मलेला हा खुरासानी गृहस्थ मंगोलांच्याच चाकरीत होता, पुढे बगदादचा कारभारी झाला, आणि ज्यांनी त्याचा मुलूख उजाड केला त्यांचाच इतिहास त्याने लिहिला. त्यामुळे विध्वंस तो सविस्तर सांगतो, पण त्याला दैवी शिक्षेचा अर्थही देतो. 1221 मध्ये मर्व हे मध्य आशियातील शहर पडल्यावर 400 कारागीर वगळून प्रत्येक सैनिकाला तीन-चारशे माणसे मारण्यासाठी वाटून दिली, असे तो लिहितो. मृतांचा त्याने दिलेला तेरा लाखांचा आकडा इतिहासकार अतिशयोक्त मानतात आणि वाचकानेही तो अतिशयोक्तच धरावा. महत्त्वाची आहे ती वाटणीची रीत. आपली तुकडी सोडून दुसरीत जाणाऱ्याला देहदंड होता, हेही जुवैनीच सांगतो, तेव्हा संघटनेबाबत तो अगदीच मुका नाही. तरीही हजारींची घडण आधी वाचलेली असेल, तर मर्वमधील कत्तल बेभान संतापाची न वाटता तुकडीनिहाय नेमून दिलेल्या कामासारखी दिसू लागते. उलट क्रमाने वाचल्यास हा दुवा सहज निसटतो.

इंग्रजीवर भिस्त असणाऱ्यांसाठी ‘गुप्त इतिहासा’चे इगोर द राखेविल्त्स यांचे भाषांतर टिपांसह उपलब्ध आहे, त्याची 2015 ची संक्षिप्त आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. जुवैनीचे जॉन बॉइल यांनी 1958 मध्ये केलेले भाषांतर भरवशाचे आहे, मात्र मूळ शैलीच अलंकारिक असल्याने ते सावकाश वाचावे लागते. वेळ फारच कमी असेल, तर पहिल्या ग्रंथातील तातारांच्या पाडावापासून केशिगच्या नियमांपर्यंतचा भाग आणि दुसऱ्यातील बुखारा, मर्व व निशापूर ही प्रकरणे याच क्रमाने वाचावीत.