दुकान आणि वेबसाइटचा स्टॉक जुळवणारं सॉफ्टवेअर : नवरात्र ते पावसाळा वापरल्यावर

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. काउंटरचं बिलिंग आणि वेबसाइट यांचा साठा एकच दिसावा म्हणून गेल्या नवरात्राच्या तोंडावर हे सॉफ्टवेअर घेतलं. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि बाहेरगावची विचारणा एकदम वाढली. वहीवर भागेना. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, सपोर्टशी वाद अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगतो. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागले. अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के. त्याआधी हजाराच्या वर गेलं की 18 टक्के होते. आमचा बहुतेक माल नेमका याच किमतीतला. काउंटरच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, दर बदलला आणि थोड्याच वेळात साइटवरच्या किमती उतरल्या. पूर्वी हेच काम एक्सेल शीट चढवून करायचो. एक्सेल मालाच्या कोडच्या सुरुवातीचं शून्य खाऊन टाकायचं, 0412 चा 412 व्हायचा, आणि मग दोन्हीकडचा माल जुळवत बसायचं. तो त्रास पूर्ण संपला. एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले असं तेव्हा वाटलं होतं.

दिवाळीत मात्र मी चिडून दोन स्टार दिले होते. साठा दर पंधरा मिनिटांनी जुळतो, तेवढ्यात काउंटरवर गेलेला जोड साइटवरही विकला जातो, ही तेव्हाची तक्रार. ते मत आता बदललंय. गर्दीत पोरं जोड देतात, पैसे घेतात, चिठ्ठीवर लिहितात आणि बिल रात्री बनतं. सॉफ्टवेअरला बिल दिसतं, चप्पल दिसत नाही. पंधराचं एक मिनिट केलं असतं तरी तो घोळ झालाच असता. प्रत्येक नंबरचा शेवटचा जोड साइटवरून लपवायची सोय त्यात आहे, ती लावली आणि काम भागलं. हाताने बनवलेल्या मालात एका नंबरचा एकच जोड बऱ्याचदा असतो, म्हणून महागड्या कापशीला (कोल्हापुरीचाच एक प्रकार) ही सोय बंद ठेवली. आयटमवार चालू-बंद करता येते, हे उत्तम.

आता खरं दुखणं. परतीचा माल.

कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने नाकारलं की कुरिअरवाला 'परत पाठवतोय' अशी नोंद करतो. त्या क्षणी हे सॉफ्टवेअर तो जोड आमच्या साठ्यात धरतं! पार्सल अजून नागपूरच्या गोदामात, आणि साइटवर 'उपलब्ध'. लग्नसराईत नऊ नंबरची कापशी अशीच दुसऱ्यांदा विकली गेली. फोनवर नवऱ्या मुलाचे वडील होते. "अहो, हळद परवा आहे, आता मी चप्पल कुठून आणू?" म्हणाले. त्यांना काय उत्तर देणार? कारागिराकडे तयार नऊ नंबर नव्हता, पैसे परत केले. नाकारलेला तो जोड नंतर परत आला, तेव्हा तळाला माती, वेणीचा एक पदर तुटलेला आणि डावा कान (बाजूची चामड्याची पाळी) दुमडून चिरलेला. म्हणजे गाडीतला माल शेल्फवर धरला, आणि वापरलेला माल नवा धरला.

हे जमत नाही असं नाही. आमची साइट शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या सेवेवर, आहे. तिथे विकायला न ठेवलेल्या मालासाठी डॅमेज्ड, क्वालिटी कंट्रोल, सेफ्टी स्टॉक असे वेगळे कप्पे आहेत, आणि ऑर्डर रद्द करताना माल साठ्यात परत घ्यायचा की नाही हेही विचारलं जातं. या सॉफ्टवेअरने फक्त परतीचा जोड त्या कप्प्यात टाकायचा आणि आम्ही हातात घेऊन तपासला की बाहेर काढायचा. सपोर्टचं उत्तर दर वेळी एकच : "सर, रिक्वेस्ट पुढे पाठवली आहे." तोवर रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी कुरिअरची यादी समोर ठेवून परतीचे नग एकेक करून वजा करतो. ज्या कामासाठी पैसे भरले, तेच काम मी हाताने करतोय.

आणि पैसे कमी नाहीत. प्लॅन आयटमच्या संख्येवर आहे, आणि एका डिझाइनचा प्रत्येक नंबर, प्रत्येक रंग वेगळा आयटम धरतात. सहा ते अकरा नंबर आणि दोन रंग म्हटले की एका डिझाइनचे बारा आयटम झाले. चपला-कपड्यांवाल्यांनी हा गुणाकार करूनच प्लॅन बघा. न चालणारी डिझाइन साइटवरून काढून मी खालच्या प्लॅनमध्ये आलो.

सध्या तीन स्टार. वर्षाच्या प्लॅनवर दोन महिने फुकट देतायत, तरी मी महिन्याचाच घेतलाय. तुम्ही घेणार असाल तर डेमोमध्ये एक ऑर्डर टाकून ती कुरिअरकडून परत फिरवायला लावा, आणि साठ्याचा आकडा कधी वाढतो ते स्वतः बघा.