व्हे की क्रिएटिन? मासे खाणाऱ्या घरातला हिशोब

एकाच डब्यापुरते पैसे असतील तर क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा भरून देणारी भुकटी) घ्या. आमच्या मालवणात जिमला लागलेली मुलं पहिला डबा व्हेचा आणतात, म्हणून हे आधीच सांगते.

व्हे म्हणजे दुधातलं प्रथिन, एका स्कूपला साधारण 24 ग्रॅम. ताकदीच्या व्यायामाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात; 70 किलोच्या मुलाला 112 ग्रॅम. दोन वेळचं मिळून काटे काढलेला 300 ग्रॅम बांगडा पोटात गेला तर निम्मं काम तिथेच झालं. बाकीचं भात, डाळ, अंडी, दुधातून भरतं. अशा घरात व्हेने फारसा फरक पडत नाही. कुळथाच्या पिठीवर मात्र भिस्त ठेवू नका, वाटीभर पिठीत पीठ जेमतेम दोन-तीन चमचे असतं.

पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पुढे श्रावण, मग गणपती. जून-जुलैत सुके बोंबील कामाला येतात: 100 ग्रॅमला सुमारे 60 ग्रॅम प्रथिनं, आणि खाऱ्या बांगड्याइतकं मीठ नाही. श्रावण पाळणाऱ्याने मात्र तेवढ्या दिवसांपुरता व्हे जरूर घ्यावा.

क्रिएटिनचं तसं नाही. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, ती ते पटकन भरून देतं. सेटच्या शेवटी एखादा रेप, म्हणजे वजन आणखी एकदा उचलणं, जास्त निघतो आणि महिनोन्‌महिने त्याचीच भर पडत जाते. माशातही ते असतं, पण रोज 3 ग्रॅम हवं तर अर्ध्या किलोहून बराच जास्त मासा खावा लागेल. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, रोज 3 ते 5 ग्रॅम. 3 ग्रॅमने 250 ग्रॅमचा डबा 83 दिवस जातो. सुरुवातीला किलोभर वजन वाढेल, ते स्नायूंनी धरलेलं पाणी. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम बघतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आपल्या दमट हवेत भुकटीच्या गाठी होतात, चमचा कोरडा हवा.

प्री-वर्कआउटमध्ये (व्यायामाआधी घ्यायच्या भुकटीत) मुख्य काम कॅफिनचं, ते कोऱ्या कॉफीतही आहे. संध्याकाळी सातला घेतलंत तर झोप जाईल. प्रथिनं पुरेशी असतील तर बीसीएए (प्रथिनांतल्याच तीन अमिनो आम्लांची भुकटी) नकोच.

स्पर्धेत उतरणार असाल तर डब्याची आणखी नीट चौकशी करा. भेसळीतून बंदी असलेलं द्रव्य पोटात गेलं तरी जबाबदार खेळाडूलाच धरतात.