१५०-६०० मिमी झूम आणि सुतार पक्षी: आठ महिन्यांच्या वापरानंतर
गेले आठ महिने १५०-६०० मिमीची झूम लेन्स आणि नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी करणारे एक सॉफ्टवेअर ही जोडी मी जवळजवळ केवळ सुतार पक्ष्यांसाठी वापरत आहे. लेन्सबद्दल फारशी तक्रार नाही. ६०० मिमीला चित्र किंचित मऊ येते, लेन्सचे छिद्र लहान करून एफ/८ केल्यावर सुधारते, आणि मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) असला की वजनाचा त्रास होत नाही.

खरी परीक्षा शटरची झाली. सुतार चोचीने खोडावर ताशा वाजवू लागला की सेकंदाला वीसच्या आसपास ठोके पडतात. पक्षी बिचकू नये म्हणून मी सुरुवातीला आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर घरी पडद्यावर खोड सरळ आणि चोच मात्र विळ्यासारखी वाकलेली! माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात डोके पुढे सरकलेले असते. मेकॅनिकल शटर आणि १/३२०० सेकंद हा वेग ठरवल्यापासून हा प्रकार थांबला. ठोक्याच्या ऐन क्षणी डोळा दुधाळ दिसतो, तो मात्र दोष नव्हे. आघाताआधी पक्षी डोळ्यावर आतली पातळ पापणी ओढून घेतो. फोकस चुकला असे समजून अशी कितीतरी छायाचित्रे मी पुसून टाकली, याची अजून हळहळ वाटते. आता डोके मागे गेलेल्या क्षणाची फ्रेम निवडतो.

काळपट खोडाने चौकट भरली की कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो आणि पिसांवरचे पांढरे ठिपके जळून जातात, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पक्षी मोकळ्या आभाळासमोर असेल, तर उलट एक स्टॉप वर.

सॉफ्टवेअरने मात्र निराशा केली, निदान त्याच्या मूळ सेटिंगवर. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ठेवून काढलेल्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये त्याने मानेची काळी पिसे मेणासारखी गुळगुळीत केली आणि सालीवर नसलेल्या रेघा उमटवल्या. आता त्याचा जोर एक तृतीयांशावर आणून तो मास्क लावून, म्हणजे पक्ष्याचा भाग झाकून, फक्त पार्श्वभूमीपुरता ठेवतो. शार्पनिंगही डोळा आणि चोच यांपलीकडे जाऊ देत नाही. एवढ्या कामासाठी दरवर्षी वर्गणी भरणे मला पटत नाही, त्यामुळे मुदत संपल्यावर ते बंद करणार आहे.