टर्बो गेला म्हणाला, निघाली काजळी

भरलेल्या गाडीचा चढणीवर दम जायला लागला. काळा धूर, पिकअप नाही, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मिस्त्रीने स्कॅनर लावला, दोन मिनिटांत मान हलवली. "टर्बो गेलाय. असंच चालवलंत तर इंजिन बसेल." (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा ढकलणारा पंखा.) इंजिन बसेल म्हटलं की आपली अक्कल गहाण पडते. मी हो म्हणालो.

एक बरं केलं, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. बिघाडाचा कोड होता पी ०४७१. तो टर्बोचा नाहीच, हे मला खूप उशिरा कळलं. तो एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या, दाबाच्या सेन्सरचा.

हा सेन्सर टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमधला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातला) दाब मोजतो. तिथल्या उष्णतेत तो टिकणार नाही, म्हणून बऱ्याच ट्रकमध्ये एका बारीक धातूच्या नळीने त्याला जरा लांब बसवतात. त्याच्या आकड्यावरून कंप्युटर टर्बोच्या पात्या किती उघडायच्या, ईजीआर (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर) किती सोडायचा, हे ठरवतो. नळी काजळीने तुंबली की आकडा खोटा, मग सगळा हिशोबच खोटा. (पात्या न हलणाऱ्या साध्या टर्बोच्या गाड्यांत बहुतेक हा सेन्सर नसतोच.)

बिल दिलं, दिवा गेला. जुना टर्बो मागितला तर "तो एक्सचेंजमध्ये गेला". तीन-चार फेऱ्यांत दिवा परत आला. कोड नुसता पुसला होता, दुसरं काय! आता म्हणे "सेन्सर पण गेलाय". तोही बदलून घेतला. फरक शून्य.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. अशा वेळी या सेन्सरचा आकडा हवेच्या दाबाइतकाच यायला हवा, समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल. आला. म्हणजे सेन्सर आणि वायर ठीक. मग इंजिन चालू करून रेस दिली, तर आकडा रेंगाळत चढला आणि रेस सोडल्यावर खाली यायलाही तयार नाही. त्याने नळी खोलली, तार घातली, तार आत जाईना. टणक काजळी. ती साफ केली आणि गाडीचा दम परत आला. एवढंच काम होतं!

टर्बोवरची पट्टी पुसून त्याने विचारलं, "हा नवा बसवलाय का?" पट्टीवरचा नंबर गाडीच्या जुन्या नोंदवहीशी जुळत होता. माझाच टर्बो, धुऊन चकचकीत केलेला.

तुमच्याकडेही कोणी थेट टर्बो सुचवला तर कोड लिहून घ्या, आधी नळी खोलायला लावा, आणि काम सुरू होण्यापूर्वी टर्बोच्या पट्टीचा फोटो काढा. बिलावर नव्या भागाचा नंबर लिहूनच घ्या. माझ्या बिलावर फक्त "टर्बो काम" लिहिलंय. पहिल्या मिस्त्रीला ते दाखवलं तर म्हणाला, "मग काम केलंच ना!"