डागी आंबा: बुरशीने रंगलेल्या लाकडाच्या वस्तू रोजच्या वापरात

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. बुरशी लागून काळ्या रेघा आणि रंग उमटलेलं आंब्याचं लाकूड हल्ली ‘स्पाल्टेड मँगो’ या नावाने चढ्या भावात विकलं जातं. करंडा, डबी, फळांचं भांडं, घड्याळाची तबकडी, पेटीचं झाकण यांसाठी ते उत्तम आहे. चहाच्या ट्रेला चालेल, पण चौकट दुसऱ्या लाकडाची हवी. पोळपाट, भाजी चिरायची फळी, स्टूल, पुस्तकांचं शेल्फ यांसाठी मात्र कुणी कितीही सुंदर करून दाखवलं तरी घेऊ नका. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बनवलेल्या वस्तूंनी पावसाळा आणि थंडी काढली, आता मार्चचं ऊन खातायत. त्यावरून लिहितोय.

लाकूड आणलं कुडाळकडच्या एका सॉ मिलवरून. आवाराच्या कडेला एक पावसाळा भिजत पडलेला ओंडका होता. कापलेल्या तोंडावर काळ्या रेघांचं जाळं दिसत होतं, मधे पांढरट आणि करड्या-निळ्या चकत्या. मालकांना विचारलं तर म्हणाले, “कुसलला हा ता, जळणाक व्हया तर घेवन जावा.” त्याच भावात मिळालाही. आपल्याकडे आंब्याच्या लाकडाला तसाही मान नाही. पूर्वी आंब्याच्या पेट्या, सेंट्रिंगच्या फळ्या, होमाच्या समिधा, झालंच तर स्वस्त फर्निचर. त्यातून डाग पडला की चुलीत. सुतारांचंही काही चुकत नाही, त्यांना दाराची चौकट उभी करायची असते आणि अशा लाकडात ती उभी राहणार नाही.

हे रंग येतात कुठून, हे थोडं समजून घेतलं की पुढची निवड सोपी जाते. बुरशी तीन तऱ्हेचं काम करते. एक जात लाकडातली साखर आणि स्टार्च खाते, तिचे तंतूच काळपट असल्यामुळे लाकूड करडं-निळं दिसतं. ताकद फारशी कमी होत नाही. उष्ण प्रदेशातल्या लाकडांवर, विशेषतः रबरवुडवर (रबराच्या झाडाच्या लाकडावर), असे डाग पाडणारी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी नावाची बुरशी हापूसच्या देठकुजीलाही कारणीभूत असते, म्हणजे बागायतदारांची ही जुनी ओळखीची. दुसरी जात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट बांधून ठेवणारं द्रव्य, खाते. लाकडाचा तपकिरी रंग मुख्यतः लिग्निनमुळे, ते गेलं की मागे पांढरं, हलकं लाकूड उरतं. आणि तिसरं म्हणजे त्या काळ्या रेघा. दोन बुरशींच्या वसाहती एकमेकींना भिडतात तेव्हा त्या शेताला बांध घालावा तशी मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याची भिंत उभी करतात. कधी एकटीच बुरशी आपलं क्षेत्र वाळू नये म्हणून कुंपण घालते. आपण ज्याला नक्षी म्हणतो ती मुळात हद्दीची भांडणं आहेत.

म्हणजे सौंदर्य आणि कूज एकाच वेळी चालू असते, आणि सगळा प्रश्न ती कधी थांबवली याचा. थंड हवेच्या देशांत बीच किंवा मेपलच्या ओंडक्याला हे व्हायला वर्ष-दोन वर्षं मिळतात. कोकणात तेवढी सवड नाही. मे महिन्यात पाडलेला आंबा जमिनीवर पडून राहिला तर गणपतीपर्यंत निळा-करडा होतो, दिवाळीच्या सुमाराला रेघा उमटलेल्या असतात आणि दुसरा पावसाळा लागला की बऱ्याचदा हाताने कुस्करता येतो. निसर्ग आणि तौक्ते वादळांत, २०२० आणि २०२१ साली, किनारपट्टीवर आंब्याची कितीतरी झाडं आडवी झाली. त्यातले वेळेत उचलून फाळलेले ओंडके आजही कुणाकुणाच्या पडवीत सोन्यासारखे पडून असतील. जे बागेतच राहिले त्यांची माती झाली.

निवड डोळ्यांनी करू नका, अंगठ्याच्या नखाने करा. मी दर वितीवर नख दाबून बघतो. निळ्या-करड्या भागात नख रुतत नाही, नुसती चकाकती खूण उमटते. पांढऱ्या भागात किंचित रुततं. तिथवर ठीक. पण नख सहज आत गेलं, दाबलेली जागा परत वर आली नाही आणि कडेला बारीक भुगा सुटला तर तो तुकडा सोडून द्या, रेघा कितीही देखण्या असोत. दुसरी खूण आवाजाची. वाळलेल्या फळीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली की चांगला भाग ‘टक’ करतो, गेलेला भाग ‘भद’. आणि तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडलेलं लाकूड दिसलं तर हातही लावू नका. ती वेगळी कूज, ती लाकडाचे तंतू ज्याचे बनतात ते सेल्युलोजच खाते आणि लाकडात जीव ठेवत नाही.

ओंडका फाळून फळ्यांमधे पट्ट्या घालून सावलीत रचल्या. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली गेला की कुजवणारी बुरशी वाढत नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे “ही बुरशी घरातल्या बाकीच्या फर्निचरला लागेल का?” लाकूड कोरडं राहिलं तर नाही. ती आत असली तरी निपचित असते, आणि तुमचं कपाट भिजत नसेल तर तिला तिथे खायला काही जमणार नाही. ऑगस्टमध्ये तेल-मेण लावलेल्या भांड्यावर मात्र पांढरी साय धरली होती. तेव्हा घरात चामडी पट्ट्यावर, जुन्या बॅगेवर, देवघराच्या मागच्या भिंतीवरही धरली होती. ती हवेतली वरवरची बुरशी. कोरड्या फडक्याने पुसली, उन्हाला नाही पण पंख्याखाली ठेवलं, गेली. लाकडातल्या रेघांशी तिचा संबंध नव्हता.

खरा शत्रू किडा. आंब्याच्या लाकडात स्टार्च भरपूर, त्यामुळे पोखरणारा किडा त्यावर तुटून पडतो. पिठासारखा भुगा खाली पडलेला दिसला की समजायचं. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात फळ्या बुडवून मग वाळवल्या तर बराच बंदोबस्त होतो. विकत घेताना किल्नमध्ये, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, तापवून वाळवलेलं मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

कामाला हे लाकूड लहरी आहे. लेथवर भांडं कातताना पटाशी कडक भागावरून मऊ भागात उतरते तेव्हा हाताला चक्क धक्का कळतो, आणि मऊ भागाचे रेषे कापले जाण्याऐवजी उपटून येतात. धार लावलेली पटाशी हवीच, पण नुसत्या धारेने भागत नाही. पातळ सुपरग्लू त्या मऊ जागेवर सोडायचा. तो क्षणात शोषला जातो, थोडा धूर येतो, डोळे चुरचुरतात, मग ती जागा कडक होते आणि स्वच्छ कापली जाते. फेविक्विकच्या छोट्या ट्यूब यात पाण्यासारख्या संपतात, सरळ मोठी बाटली आणा. सपाट फळी घासताना पॉलिश पेपर हातात धरून घासू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर मऊ भाग खोल जाऊन पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि पॉलिश चढवल्यावर उजेडात ते दिसतं. स्क्रू मऊ भागात धरत नाही. माझ्या ट्रेची चौकट आणि मुठी सागाच्या आहेत, डागी आंबा फक्त मधल्या तळाला, खाली पातळ प्लायचा आधार देऊन. रोज दोन वेळा चहाचे कप उचलून तो हलला नाही.

पॉलिशवर जरा थांबतो, कारण पैसे इथे वाया जातात. जवसाचं तेल आणि मेण मला स्वतःला आवडतं, हाताला छान लागतं. पण या लाकडाला तेल एकसारखं चढत नाही. मऊ भाग तेल पिऊन काळवंडतो, पांढरा भाग पिवळा पडतो आणि ज्या फरकासाठी हे लाकूड घेतलं तोच अर्धा नाहीसा होतो. फळांच्या भांड्याचं तेच झालंय. वाईट दिसत नाही, पण करंड्याशेजारी ठेवलं की एकाच ओंडक्यातले आहेत हे सांगावं लागतं. करंड्याला फिकट चपड्याचं (लाखेचं) स्पिरिट पॉलिश पातळ-पातळ हातांनी दिलं होतं. पांढरं पांढरंच राहिलं, काळ्या रेघा शाईने काढल्यासारख्या ठळक. चपड्याला गरम आणि अल्कोहोल सोसत नाही, म्हणून ट्रेला तो चालणार नाही, गरम कपाची पांढरी वळी उठतात. ट्रेला वॉटर-बेस पीयूचे (पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन पॉलिशचे) हात दिले. आतापर्यंत एक बारीक ओरखडा आणि कडेला चहाची एक खूण, तीही ओल्या फडक्याने निघाली.

खाण्याच्या वस्तूंबद्दल: सुकी फळं, अख्खी फळं, पापड ठेवायला पॉलिश पूर्ण बसलेलं भांडं ठीक आहे. चिरायची फळी म्हणून नाही. सुरीने पॉलिश फाटतं, मऊ लाकूड पाणी पितं, आणि ओलावा परत मिळाला की थांबलेलं काम पुन्हा सुरू होऊ शकतं. ऑनलाइन मागवलेला एक ‘स्पाल्टेड चॉपिंग बोर्ड’ घरात आला होता. जाड वार्निशखाली नख दाबलं तर वार्निशसकट खड्डा पडला. परत पाठवला.

रंग टिकतात का? काळ्या रेघा टिकतात, मेलॅनिन सहजासहजी उडत नाही. निळा-करडा खिडकीजवळच्या घड्याळात थोडा फिका झालाय, आतल्या पेटीच्या झाकणावर जसाच्या तसा. आंब्यात कधी कधी गुलाबी झाक मिळते, तिच्यावर मी विसंबणार नाही. बुरशीच्या रंगांत सगळ्यात चिवट म्हणजे क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीचा निळसर हिरवा, पण तो युरोपकडच्या ओक-पॉपलरसारख्या लाकडांतला. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात टनब्रिज वेअर नावाच्या जडावाच्या पेट्यांमध्ये तो वापरत. इटलीतल्या गुब्बिओच्या राजवाड्यासाठी १४७८ ते १४८२ दरम्यान लाकडी जडावाची एक अभ्यासिका बनवली, ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यातले हिरवे तुकडे रंगवलेले नसून याच बुरशीचे निघाले. पाचशे वर्षांनंतरही हिरवे. अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठात तर हव्या त्या बुरशीकडून लाल, पिवळा, हिरवा रंग काढून लाकडावर चढवण्याचे प्रयोग चालतात. आपल्या आंब्या-फणसांवर असं कुणी नेटाने करून बघावं, ओलावा तर आपल्याकडे फुकट आहे.

गंमत म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांत आंब्याचं लाकूड वापरतात, पण त्यावर रंगाचा जाड थर बसतो, त्यामुळे आत डाग असला काय, नसला काय. डागी माल दाखवायचा असेल तर रंगाऐवजी पारदर्शक लाख हवी. मला वाटतं, तिथल्या हातांना हे सहज जमेल.

मास्क लावल्याशिवाय हे लाकूड घासू नका. साधा रुमाल नव्हे, एन-९५. बारीक धूळ आणि त्यात बुरशीचे बीजाणू, दमा असलेल्यांनी तर लांबच राहावं. शिवाय आंबा बिब्बा आणि काजूच्या कुळातला, ज्यांच्या अंगावर चीक उततो त्यांनी ओल्या ओंडक्याला हातमोजे घालूनच हात लावावा.

घ्यायचं असेल तर तयार कापलेला चकचकीत तुकडा न घेता वखारीत जाऊन कडेला टाकलेले ओंडके बघा, तेही पाऊस सुरू व्हायच्या आत. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आंबा अनुसूचित झाडांत येतो, म्हणून पावती मागून घ्या. आणि गाडीत टाकण्याआधी नख दाबा.