वायरलेस हेडसेट: थेट ब्लूटूथ की यूएसबी डोंगल?

फोनसाठी ब्लूटूथच बरं, एकदा पेअर केलं की विषय संपला, फोनला डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) कोण लटकवत बसणार. खरी गंमत कॉम्प्युटरवर होते, गाणी मस्त वाजत असतात आणि मीटिंगसाठी माईक चालू झाला रे झाला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा, कारण क्लासिक ब्लूटूथ तेव्हा ए२डीपी (गाण्यांसाठीचा चांगल्या आवाजाचा मोड) सोडून हँड्सफ्री प्रोफाइलवर (कॉलसाठीच्या मोडवर) जातं, तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) आणि सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) बहुतेक वेळा फक्त ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झ. २.४ गीगाहर्ट्झच्या डोंगलवाल्यांना ही कटकट सहसा नसते, गेममध्ये आवाज मागेही पडत नाही. फक्त तो इवलासा तुकडा हरवला की बसा शोधत! मी शेवटी दोन्ही चालणारा घेतला, फोनला ब्लूटूथ, कॉम्प्युटरला डोंगल.